गाडी चालू होऊन दोन सेकंदांत बंद पडते, इमोबिलायझर गेलाय म्हणतात, खरंच तसं असेल का?

कासपठार:

नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१३ चं मॉडेल, सेकंड हँड घेतलेली, पहिला मालक पुण्याचा. ९० हजारच्या आसपास रनिंग झालंय. आत्तापर्यंत काही त्रास नव्हता पण पाऊस सुरू झाल्यापासून गाडीने डोकं फिरवलंय. सकाळी चावी फिरवली की इंजिन लगेच उचलतं आणि चला निघू म्हणेपर्यंत दोन सेकंदांत गपकन बंद. परत सेल मारला (म्हणजे स्टार्टर फिरवला) तर सेल मस्त फिरतो, बॅटरी उतरल्यासारखा आवाज नाही काही नाही, पण इंजिन घेतच नाही. थोडा वेळ तशीच सोडली, चावी काढून परत घातली, दार उघडून लावलं की कधीतरी आपली आपण चालू होते आणि मग दिवसभर शहाण्यासारखी चालते. मध्येच एखाद्या दिवशी संध्याकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये परत तेच नाटक.

सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी स्कॅनर लावला, अर्धा दिवस ठेवून घेतली आणि सांगितलं की इमोबिलायझर सिस्टीम, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा, फेल आहे, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), इमोबिलायझरचा बॉक्स आणि दोन्ही चाव्या असा अख्खा सेट बदलावा लागेल. एस्टिमेट ४८ हजार, वर टॅक्स वेगळा. गाडी विकायला काढली तर येऊन येऊन दीड-पावणेदोन लाख येतील, त्यात हा खर्च? गल्लीतला मेकॅनिक म्हणतो कशाला एवढे घालवता, चार हजारांत इमोबिलायझर बायपास करून देतो, म्हणजे चावीची तपासणीच काढून टाकतो. वडील म्हणतात विकून टाक आणि मोकळी हो. घरात तीन पक्ष पडलेत.

कुणाला असा अनुभव आहे का? नक्की इमोबिलायझरच गेलाय हे ओळखायचं कसं?

पेट्रोलप्रेमी:

भाऊ जास्त विचार करू नका, बायपास करून टाका. माझ्या मित्राच्या गाडीला केलंय, काही होत नाही. या कंपन्यांचा धंदाच आहे, सेन्सर गेला तरी ईसीयू बदला म्हणतात.

नाशिककर_ओझर:

बायपास वगैरे नंतर बघू, आधी आजार कळू द्या. काही गोष्टी बघून इथे लिहा.

पहिली, डॅशबोर्डवर चावीचं किंवा गाडी-आणि-कुलूप असं चित्र असलेला दिवा आहे ना, तो बघा. चावी ऑनवर केली की तो दोन-तीन सेकंद लागतो आणि विझतो, म्हणजे गाडीने चावी ओळखली. तो भराभर लुकलुकत राहिला किंवा लागूनच राहिला तर चावी ओळखलेली नाही. गाडी लॉक करून ठेवल्यावर तो दर दोन-तीन सेकंदांनी हळू लुकलुकतो ते नॉर्मल आहे, त्याला घाबरू नका. गाडीगणिक थोडा फरक असतो, मॅन्युअलमध्ये एक पान असतंच त्यावर.

दुसरी, दुसरी चावी लावून बघा. चावीच्या मुठीत एक चिप असते, तिला बॅटरी लागत नाही. रिमोटचा सेल वेगळा आणि चिप वेगळी, हा गोंधळ फार जण करतात. रिमोटचा सेल संपला तर दार बटणाने उघडणार नाही पण चावी भोकात घालून फिरवली की इंजिन चालू व्हायलाच पाहिजे. आणि उलटंही होतं, बटणाने दार टकाटक उघडतंय म्हणजे चावी चांगली असं अजिबात नाही.

तिसरी, चावीचं कव्हर मध्ये कधी बदललंय का? हे जरा नीट आठवा. चावी जुनी झाली की बटणांचं रबर फाटतं, मग लोक बाजारातून दोनशे-तीनशेचं नवीन कव्हर आणतात, आतलं सर्किट आणि सेल त्यात टाकतात आणि जुनं कव्हर कचऱ्यात. चिप त्या जुन्या कव्हरातच चिकटलेली असते, काळा कोळशाच्या कपचीसारखा तुकडा, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा, कुणाच्या लक्षातच येत नाही. मग गाडीची दारं उघडतात, हॉर्न वाजतो, सगळं होतं आणि इंजिन काही चालू होत नाही. आमच्या ओळखीत एकाने घंटागाडी गेल्यावर चौकापर्यंत पळत जाऊन ते कव्हर परत आणलेलं आहे. रस्त्यावरच्या चावीवाल्याकडून पाडून घेतलेल्या साध्या डुप्लिकेट चावीचंही हेच, दार उघडेल पण इंजिन नाही.

चौथी, एकाच रिंगमध्ये दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी अडकवलीय का? दोन्ही चिपा एकदम बोलायला लागल्या की गाडी गोंधळते. वेगळी करून बघा.

आणि बॅटरी कितीची जुनी आहे तेही सांगा.

लंडनचा_पावणा:

नाशिककरांनी बरोबर लाईन धरलीय. बायपासबद्दल फक्त एवढंच सांगतो की इथे ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९८ पासून प्रत्येक नव्या कारला इमोबिलायझर सक्तीचा आहे, युरोपात सगळीकडेच त्याच सुमारास आला आणि हॉलंडमधल्या अभ्यासात गाडीचोरीची शक्यता सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास कमी झालेली दिसली. अमेरिकेत तो सक्तीचा नाही, तिथे ह्युंदाई आणि कियाच्या लाखो गाड्यांत तो बसवलेलाच नव्हता आणि २०२२ च्या आसपास शाळकरी पोरं मोबाईलवर व्हिडिओ बघून त्या गाड्या पळवत होती. म्हणजे चार हजार देऊन तुम्ही काय काढून टाकताय ते बघा. शिवाय उद्या गाडी चोरीला गेलीच तर इन्शुरन्सवाले दोन्ही चाव्या मागतात, सर्व्हेअर दहा प्रश्न विचारतो.

कासपठार:

सगळ्यांचे आभार. आणि पेट्रोलप्रेमी, भाऊ नाही, ताई म्हटलं तरी चालेल.

उत्तरं अशी. चावीचा दिवा चावी ऑन केल्यावर लागतो आणि विझतो, मी मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवलाय, गाडी बंद पडली तेव्हाही तो विझलेलाच होता, लुकलुकत नव्हता. दुसरी चावी कपाटातच असायची, तीही लावून बघितली, तिनेही तेच. कव्हर दोन्हींची ओरिजिनल आहेत, कंपनीचा लोगो झिजून गेलाय. रिंगमध्ये घराची किल्ली आणि एक गणपती एवढंच. बॅटरी गेल्या दिवाळीत नवीन घातली.

अजून एक, मघाशी लिहायचं राहिलं. परवा पुण्याहून येताना खंबाटकी घाट उतरत होते, वेळे गावाच्या अलीकडे एका खड्ड्यात चाक आदळलं आणि इंजिन चालता चालता बंद. डॅशवरचे दिवे चालू, टेप चालू, आणि स्टेअरिंग एकदम दगडासारखं जड. ब्रेक लागला पण फार जोर लावावा लागला. कशीबशी डावीकडे घेतली, मागून कंटेनर येत होता. थोड्या वेळाने सेल मारला तर चालू झाली. हे इमोबिलायझरमुळेच झालं असेल का? सर्व्हिस सेंटरला सांगितलं तर म्हणाले हो, सेटच खराब आहे.

वायरिंगवाला_कराड:

ताई, ही खड्ड्याची गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलीत आणि सगळ्यात कामाची तीच आहे. मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, कराडला बरीच वर्षं हेच काम करतो, जरा मोठं लिहितो.

कंपनीचा इमोबिलायझर चावी फिरवताना एकदा तपासणी करतो. इग्निशनच्या कुलपाभोवती प्लॅस्टिकची एक गोल रिंग असते, तिच्यात बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. चावी ऑन केली की ती रिंग १२५ किलोहर्ट्झची लहर सोडते, त्या लहरीवरच चावीतली चिप जागी होते, म्हणून तिला सेल लागत नाही. गाडी चिपला एक आकडा टाकते, चिप तिच्याकडच्या गुप्त आकड्याने हिशोब करून उत्तर देते, उत्तर जुळलं तर ईसीयूला हिरवा कंदील मिळतो. नाही जुळलं तर ईसीयू इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद ठेवतो, काही गाड्यांत सेलच फिरू देत नाही, आणि काही गाड्यांत इंजिन एक-दोन सेकंद चालवून बंद करतो. तुमच्या सर्व्हिस सेंटरवाल्याने हे शेवटचं लक्षण बघितलं आणि इमोबिलायझरवर बोट ठेवलं असणार.

पण एकदा कंदील मिळाला आणि इंजिन चालू झालं की मग इमोबिलायझर त्यात पडत नाही. घाट उतरताना चालत्या गाडीचं इंजिन बंद करायचं हे कुठलीच कंपनी मुद्दाम करणार नाही, उघडच आहे, माणूस मरेल. त्यामुळे खड्ड्यात आदळून इंजिन बंद पडतंय आणि दिवा बरोबर विझतोय, या दोन गोष्टी एकत्र असल्या की मी कंपनीच्या इमोबिलायझरवरचा संशय काढूनच टाकतो. कुठेतरी कनेक्शन हलतंय.

आता हे करा. सकाळी गाडी थंड असताना मागच्या सीटवर कुणाला तरी बसवा, काचा बंद, एसीचा पंखा बंद, टेप बंद. तुम्ही चावी फक्त ऑनवर करा, सेल मारू नका. पेट्रोल गाडीत मागच्या सीटखाली टाकीतला पंप साधारण दोन सेकंद घुंईं करतो आणि थांबतो, लाईनमध्ये प्रेशर भरायला. गाडी चांगली चालू होते तेव्हा तो आवाज कसा येतो ते ऐकून ठेवा आणि ज्या दिवशी नाटक करेल त्या दिवशी परत ऐका. आवाज नाही म्हणजे पंपाला करंट नाही.

अजून एक खूण तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे. तुम्ही लिहिलंय की पहिल्यांदा उचलते आणि मरते, मग नंतर नुसता सेल फिरतो. इमोबिलायझर अडवत असेल तर ज्या गाड्या दोन सेकंद चालून बंद होतात त्या बहुतेक प्रत्येक वेळी तशाच, उचलते-मरते, उचलते-मरते. पंप बंद असेल तर आदल्या दिवशीचं प्रेशर लाईनमध्ये टिकून असतं, पंपात पेट्रोल मागे परतू न देणारा चेक व्हॉल्व्ह असतो त्यामुळे, तेवढ्यावर ती एकदा उचलते, ते पेट्रोल संपलं की पुढच्या वेळी घ्यायला काही उरतच नाही.

मग पंपाला करंट का नाही? फ्यूज, पंपाचा रिले (करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच), टाकीवरचा कनेक्टर, अर्थिंग, उंदीर, काहीही असू शकतं. पण सेकंड हँड गाडी म्हणून एक विचारतो. स्टेअरिंगच्या डाव्या-उजव्या बाजूला किंवा समोरच्या काचेच्या कोपऱ्यात एक छोटा निळा किंवा लाल एलईडी आहे का, कंपनीचा वाटत नाही असा? बॉनेटखाली जास्तीचा सायरन? गाडी लॉक करताना हॉर्नऐवजी चिक-चिक असा आवाज?

नाशिककर_ओझर:

हा घ्या. मी बाहेरच्या अलार्मचा विचारच केला नव्हता. ईसीयू बिघाडाचे जे कोड लिहून ठेवतो त्याबद्दल सांगाल का, स्कॅनरमध्ये नक्की काय दिसतं? ताई, सर्व्हिस सेंटरकडून कोडचा प्रिंट घेतला होता का?

कासपठार:

एलईडी आहे!! स्टेअरिंगच्या उजवीकडे, निळा, मला वाटायचं गाडीबरोबरच आलाय. आणि लॉक करताना चिक-चिक करते, रिमोट मात्र कंपनीचाच आहे. प्रिंट काही दिला नाही, तोंडीच सांगितलं.

वायरिंगवाला_कराड:

मग बहुतेक सापडलं. पहिल्या मालकाने ॲक्सेसरीजच्या दुकानातून सिक्युरिटी सिस्टीम बसवून घेतलेली आहे, कंपनीच्याच रिमोटला जोडणारी येते तसली. तेव्हा गाडीच्या डिलिव्हरीबरोबर मॅट, सीटकव्हर आणि ही सिस्टीम असं पॅकेजच असायचं. त्यात एक कट-ऑफ रिले असतो, तो पंपाच्या नाहीतर इग्निशनच्या वायरमध्ये टाकतात. वायर कापायची, दोन टोकं सोलायची, पिळायची आणि काळी टेप. दहा वर्षांनी त्या टेपचा गोंद पातळ होऊन गळतो, पावसात दमटपणा आत जातो आणि मग गाडीत दोन-दोन पहारेकरी आणि त्यातला एक झोपाळू अशी गत होते.

कोडचं सांगतो. इमोबिलायझरने खरोखर अडवलं असेल तर ईसीयू ते लिहून ठेवतो. पी०५१३ म्हणजे चुकीची चावी, पी०६३३ म्हणजे चावी ईसीयूत नोंदवलेलीच नाही, फोक्सवॅगन-स्कोडात पी१५७० म्हणजे इमोबिलायझरने स्टार्ट अडवला. कंपन्यांचे स्वतःचे वेगळे कोडही असतात आणि मोबाईलला ब्लूटूथने जोडायचे जे स्वस्तातले स्कॅनर मिळतात त्यांना ते दिसत नाहीत, ते इंजिनचे ठरावीक कोडच वाचतात. कोडच नसेल आणि तरी कुणी ४८ हजारांचा सेट बदला म्हणत असेल तर कोड लिहून मागायचा, भांडायचं नाही, फक्त लिहून द्या म्हणायचं.

सेटच का बदलायला सांगतात त्यालाही कारण आहे. ईसीयू, इमोबिलायझर आणि चावी ही तिन्ही एकमेकांना ओळखणारी असतात, त्यामुळे स्क्रॅपमधून जुना ईसीयू आणून लावला तर तो त्याच्या जुन्या गाडीच्या चाव्या शोधत बसतो. कामाला लागला तर लागतो, पण आधी खराब काय आहे ते सिद्ध व्हायला पाहिजे ना.

घाटात तशी गाडी आता नेऊ नका. इंजिन बंद झालं की पॉवर स्टेअरिंगची मदत जाते, ब्रेकचा बूस्टरही दोन-तीन दाबांपुरताच साथ देतो. आणि अशी कुठे अडकलीच तर धक्का मारत बसू नका, त्याने पंपाला करंट येणार नाही, सरळ टोचन करून न्या. जवळच्या कुठल्याही चांगल्या वायरिंगवाल्याला हा धागा दाखवा, तो समजेल.

मुक्ता_ठाणे:

विषयाला धरूनच आहे म्हणून इथेच विचारते. माझी बटन स्टार्ट गाडी आहे, काल स्क्रीनवर चावी सापडत नाही असं आलं आणि बटन दाबलं तरी काहीच नाही. सेलसुद्धा फिरला नाही. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये पाऊण तास उभी होते. हाही इमोबिलायझरच का?

नाशिककर_ओझर:

मुक्ता, हा चावीतला सेल संपलाय. सीआर २०३२ नाहीतर सीआर २०१६ असेल, उघडून आकडा बघा, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. तोपर्यंत चावीच स्टार्ट बटणाला टेकवून ब्रेक दाबून बटन दाबा, काही गाड्यांत कप होल्डरजवळ नाहीतर कन्सोलमध्ये चावी ठेवायची जागा असते. सेल संपला तरी आतली चिप जवळून वाचता येते, वरच्या चावीसारखीच. दार उघडायला त्या चावीच्या पोटात लोखंडी पातं असतं ते बाहेर काढायचं. बेसमेंटमध्ये जाण्याआधी एकदा करून बघा.

मुक्ता_ठाणे:

झालं, टेकवल्यावर चालू झाली. सीआर २०३२ आणतेय.

पेट्रोलप्रेमी:

बॅटरीवरून आठवलं, ताईंची बॅटरी नवीन आहे पण टर्मिनल बघितलेत का? पांढरं साचलेलं असेल तर ईसीयूला पण पुरेसा करंट मिळत नाही.

वायरिंगवाला_कराड:

हे बरोबर बोललात. मल्टिमीटर लावून बघायचं, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ च्या आसपास व्होल्ट पाहिजेत, १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली. सेल मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी किंवा टर्मिनल. व्होल्टेज तेवढं पडलं की सेल कसाबसा फिरतो पण चावीची तपासणी अर्धवट राहते, आणि लोक चाव्या बदलत बसतात. ताईंचा सेल जोरात फिरतोय म्हणून मी तिकडे गेलो नाही. तरी बघायला पैसे पडत नाहीत.

कासपठार:

अपडेट देते, जरा सविस्तर लिहिते म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

आधी पंपाचा आवाज. भावाला मागे बसवलं. दोन दिवस सकाळी व्यवस्थित घुंईं, गाडी चालू. मग रात्रभर धो धो पाऊस झाला, त्या सकाळी चावी ऑन केली तर मागून काहीच नाही, भाऊ म्हणाला तू चावी फिरवलीस का. सेल मारला, उचलली, मेली, आणि मग नुसता सेल. तुम्ही लिहिलं होतं तंतोतंत तसं.

पोवई नाक्याच्या बाजूला एक वायरिंगचं दुकान आहे तिथे टो करून नेली, त्यांना धागा दाखवला. त्यांनी स्टेअरिंगखालचं पॅनेल खोललं, हात आत घातला आणि वायरींचा एक गुंता ओढून बाहेर काढला, इन्शुलेशन टेप गुंडाळलेला, हाताला काळा चिकट गोंद लागत होता. त्यात काळ्या रंगाचा चौकोनी रिले, कशालाच स्क्रूने बसवलेला नाही, नुसता वायरींवर लोंबकळत होता. टेप सोलली तर आत पिळलेली तांब्याची तार हिरवीगार, बोटाने चोळली तर अर्ध्या तारा पिठासारख्या गळून पडल्या. रिलेच्या एका पिनेपाशी प्लॅस्टिक पिवळं पडून वितळलेलं. मिस्त्रींनी गाडी चालू केली आणि तो गुंता नुसता बोटाने हलवला, इंजिन बंद. परत चालू केली, परत हलवला, बंद. मला म्हणाले बघा तुमचा खड्डा.

वरून पाणी कुठून येत होतं तेही सापडलं. समोरच्या काचेखालच्या जाळीत पानं साचून पाण्याची वाट तुंबली होती, त्यामुळे पाणी आत पाझरून बरोबर त्या बाजूला उतरायचं. मॅटच्या खाली ओल होती, मला वास यायचा पण मी एसीचा समजत होते.

त्यांनी रिले काढला, पंपाची वायर सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) घातली, जाळी साफ केली. बाराशे रुपये घेतले. मग स्कॅनर लावून जुने कोड दाखवले, इमोबिलायझरचा एकही नव्हता. तेव्हापासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही आणि पाऊस रोज आहे.

आता प्रश्न असा की रिले काढला पण सायरन आणि निळा दिवा तसाच आहे, तो ठेवू की सगळंच काढू?

पेट्रोलप्रेमी:

म्हणजे शेवटी बायपासच केला ना! हाहा. मी म्हणतच होतो.

वायरिंगवाला_कराड:

केला की, पण ज्याचा करायचा त्याचा. कंपनीचा तसाच आहे आणि तसाच राहू दे.

ताई, त्या मिस्त्रींनी काम नीट केलंय, पैसेही रास्त घेतलेत. सायरनचं म्हणाल तर माझं मत सगळं काढा. त्या डब्याच्या वायरी अजून दाराच्या लॉकला, इंडिकेटरला, हॉर्नला पिळून टेप केलेल्या असणार, आज पंपाची गेली, उद्या इंडिकेटरची जाईल. काढताना मात्र प्रत्येक जोड मूळ वायरला परत सोल्डर करून घ्या, नुसतं कापून टोकं टेप केली तर काही अर्थ नाही. डबा काढल्यावर सेंट्रल लॉक रिमोटवर चालतंय का तेही तिथेच उभं राहून बघा, काही दुकानदार लॉकची वायर त्या डब्यातून फिरवून नेतात. सायरन पाहिजेच असेल तर नवीन, आणि त्यात इंजिन कट करणारी वायर जोडायची नाही असं आधीच सांगायचं. आजकाल जीपीएस ट्रॅकर बसवतात त्यातही मोबाईलवरून इंजिन बंद करायची सोय देतात आणि त्यालाही असाच रिले असतो, तिथेही हीच अट घाला.

लंडनचा_पावणा:

काढायच्या आधी पॉलिसीचा कागद एकदा बघा. चोरीविरोधी उपकरणासाठी ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये अशी सूट असते, पण ती पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने मान्य केलेल्या उपकरणाला आणि ऑटोमोबाईल असोसिएशनचं सर्टिफिकेट असेल तरच. पहिल्या मालकाने अशी सूट घेतलेली असेल आणि तुमच्या रिन्यूअलमध्ये ती ओळ तशीच पुढे आली असेल तर उपकरण काढल्यावर कंपनीला कळवून ती ओळ काढून घ्या. नाहीतर क्लेमच्या वेळी तेच निमित्त होतं.

कासपठार:

पॉलिसी बघितली, अशी कुठलीच सूट नाही, म्हणजे दुकानातलीच सिस्टीम होती, मान्यता वगैरे काही नसणार. शनिवारी परत त्याच दुकानात जाऊन डबा काढून घेते. दोन चाव्यांपैकी एका चावीचा रिमोटही चालत नाहीये, तिचा सेल कुठला ते उघडून बघितलं तर सीआर १६२० निघाला, तो साताऱ्यात दोन दुकानांत मिळाला नाही.

नाशिककर_ओझर:

१६२० जरा कमी ठेवतात. मोठ्या मेडिकलमध्ये किंवा कॅमेऱ्याच्या दुकानात विचारा, तिथे बहुतेक मिळतो. २०३२ बसत नाही त्यात, दाबून बसवू नका, जाड आणि मोठा असतो, आतली पत्री वाकते.